उंदराचं औषध

काही लोकांना जेवणाच्या ताटावर गप्प बसवत नाही. मी त्यातलाच एक. समोर कोणी बटाट्याची भाजी वाढली की बटाटा भारतात कोणी आणला ते सांगितल्याशिवाय माझा घास खाली उतरत नाही. बायको याला 'तोंडात गुगल उघडं राहिलंय' म्हणते. आजवर या सवयीमुळे फार तर लोकांच्या जांभया पाहिल्या होत्या. गेल्या दिवाळीत मात्र ती भलतीच महागात पडली, आणि किंमत मी नाही, माझ्या मामीने मोजली.

तर झालं असं. दिवाळीच्या सुट्टीत टेमघरला मामाकडे जेवायला गेलो होतो. (टेमघर म्हटलं की पुणेकरांना मुळशीतलं धरण आठवतं. हे ते नव्हे. हे भिवंडीतलं, कल्याण रस्त्यावरचं. शहाडला उल्हास नदीतून उचललेलं पाणी इथल्या केंद्रात शुद्ध होऊन पुढच्या शहरांना जातं, ते टेमघर.) मामांनी आयुष्यभर यंत्रमागावर जॉबरचं काम केलं. डोळे मिटून चाळीस लूमच्या खडखडाटात कुठला लूम ठेका चुकतोय ते सांगणारा माणूस. कारखाना बंद झाल्यापासून ते एका गोदामावर रात्रपाळीला असतात.

जेवण झाल्यावर मामीने औषधांचा डबा काढला. एक छोटी गोळी हातावर घेऊन म्हणाली, "ही रक्त पातळ करायची." मी पट्टी उचलून नाव वाचलं. असेनोकुमारॉल. झालं, गुगल उघडलं.

मी म्हटलं, "मामी, ही गोळी कोणाची बहीण आहे माहितीये? उंदराच्या औषधाची!"

मग पूर्ण गोष्ट, हातवाऱ्यांसकट. १९३३ सालचा फेब्रुवारी, अमेरिकेतलं विस्कॉन्सिन. एका शेतकऱ्याच्या गायी पटापट मरत होत्या. ओलसर, बुरशी आलेला स्वीट क्लोव्हरचा चारा खाल्ला की त्यांचं रक्त गोठायचंच थांबायचं. हा पठ्ठ्या बर्फाच्या वादळात गाडीत एक मेलेली कालवड, चारा आणि न गोठलेल्या रक्ताने भरलेली दुधाची किटली घालून तीनेकशे किलोमीटरवर मॅडिसनला पोचला. तिथे त्याला कार्ल पॉल लिंक नावाचा रसायनशास्त्रज्ञ भेटला. लिंकच्या प्रयोगशाळेने सहा वर्षं खपून चाऱ्यातला तो पदार्थ वेगळा काढला. पुढे त्याच घराण्यातला एक जास्त जालीम रेणू बनवला, त्याचं नाव वॉरफरिन, आणि १९४८ मध्ये तो उंदीर मारायला बाजारात आला.

मामांनी विचारलं, "आमच्या गोदामात कोपऱ्या-कोपऱ्यात तो केक ठेवतात, तोच का?"

"त्यातला ब्रोमॅडिओलोन म्हणजे वॉरफरिनचा नातू समजा. उंदीर खातो आणि दोन-चार दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो."

सगळे हसले. मामीही हसली. मग कोणीतरी पत्ते काढले आणि माझी गोष्ट तिथेच तुटली. म्हणजे निम्मी सांगून झाली होती.

बारा-तेरा दिवसांनी सकाळी मामांचा फोन. मामी चहा गाळत होती. कप हातातून सुटला. मामांनी काय झालं विचारलं तर तिला बोलता येईना, शब्द जड, अर्धवट. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात उचलेना. मामांनी शेजारच्या पोराची रिक्षा काढली आणि ट्रकांच्या रांगांमधून वाट काढत थेट हॉस्पिटल गाठलं. पोचेपर्यंत बोलणं परत आलं होतं, तासाभरात हातही हलायला लागला. सीटी स्कॅन झाला, रक्तस्राव नव्हता. डॉक्टर म्हणाले, छोटी गुठळी मेंदूत जाऊन अडकली आणि नशिबाने विरघळली. नशिबाने हा शब्द त्यांनी दोनदा वापरला.

मग त्यांनी आयएनआर बघितला. १.१.

आयएनआर म्हणजे रक्त गोठायला नेहमीपेक्षा किती पट वेळ लागतो त्याचा जगभर एकच ठेवलेला आकडा. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा १ च्या आसपास असतो. मामीचा २ ते ३ मध्ये असायला हवा होता. १.१ चा अर्थ एकच, गोळी पोटात जातच नव्हती.

मामी खाटेवर, तोंडावर पदर. मामांनी चार वेळा विचारल्यावर म्हणाली, "करंड्यात आहेत." घरी जाऊन बघितलं तर देवघरातल्या कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात अकरा गोळ्या. रोज रात्री मामांसमोर डब्यातून काढायची आणि गुपचूप करंड्यात टाकायची. पैशाचं औषध, फेकून द्यायला जीव झाला नाही.

मला कळेना कुठे बघावं. मी विचारलं, "मामी, मला एक फोन करायचास ना."

"तुला काय विचारायचं? तूच तर सांगितलंस. तू एवढा शिकलेला, खोटं कशाला बोलशील?"

खोटं बोललोच नव्हतो ना! प्रत्येक वाक्य खरं होतं. दिवाळीच्या आधी मामीच्या दंडावर ओट्याचा कोपरा लागून हा एवढा काळानिळा डाग पडला होता, दात घासताना हिरड्यांतून थोडं रक्त येत होतं. त्यावर मी येऊन सांगितलं की हे उंदराचं औषध आहे आणि उंदीर आतल्या आत रक्त जाऊन मरतो. तिने दोन आणि दोन चार केले. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

त्या रात्री झोप आली नाही. मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं, नीट वाचलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनाही भंडावून सोडलं. (त्यांनी सहन केलं, त्यांचे आभार.)

मामीला लहानपणी सांधेज्वर झाला होता. घसा दुखला, ताप आला, सांधे सुजले, बरे झाले, लोक विसरले. पण घशातल्या त्या स्ट्रेप्टोकॉकसशी लढताना शरीराने स्वतःच्याच हृदयावर हत्यार चालवलं होतं. वर्षांनुवर्षं डाव्या बाजूचा मायट्रल व्हॉल्व जाड, अरुंद होत गेला. काही वर्षांपूर्वी फुगा घालून तो थोडा उघडला, पण तोवर वरचा कप्पा ताणून मोठा झाला होता आणि त्याचा ठेका गेला होता. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. वरचे कप्पे आकुंचन पावायच्या ऐवजी नुसते थरथरतात आणि नाडी वेडीवाकडी चालते. डॉक्टरांनी मामांना मनगटावर नाडी बघायला शिकवली तेव्हा ते म्हणाले होते, "हा लूम ठेक्यातच नाही." ताबडतोब ओळखलं त्यांनी.

पण खरा धोका ठेका चुकण्यात नाही, तुंबण्यात आहे. टेमघरच्या माणसाला हे समजावून सांगायला सोपं पडतं. ज्या पाइपात पाणी वाहतं तिथे गाळ बसत नाही. जिथे लाइन संपते, पुढे जायला वाट नाही, तिथे पाणी उभं राहतं आणि गाळ धरतो. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला असाच एक आंधळा खिसा असतो. कप्पा थरथरायला लागला की त्यात रक्त उभं राहतं, आणि उभ्या रक्ताची गुठळी होते. मामीच्या बाबतीत तर पुढचा व्हॉल्वही अरुंद, म्हणजे आधीच तुंबलेल्या लाइनीवर आणखी तुंबणं. गुठळी सुटली की वाहत जाते, आणि बऱ्याचदा मेंदूत. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या लोकांवर अनेक दशकं चाललेल्या अभ्यासात दिसलं की एट्रियल फिब्रिलेशनने पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. सोबत सांधेज्वराने बिघडलेला व्हॉल्व असेल तर सतरापट.

आता गोळी. 'रक्त पातळ करायची गोळी' हे नावच मुळात गोंधळाचं. रक्त पातळ-बितळ काही होत नाही, आमटीत पाणी घातल्यासारखं. यकृत रक्त गोठवणारी काही प्रथिनं बनवतं. ती कामाला लागण्याआधी त्यांच्यावर व्हिटॅमिन के ची प्रक्रिया व्हावी लागते. त्यात वापरलं गेलेलं के शरीर फेकून देत नाही, रिचार्ज करून पुन्हा वापरतं. वॉरफरिन आणि असेनोकुमारॉल तो चार्जर अडवतात. बस, एवढंच. गोठणं बंद होत नाही, सावकाश होतं. वॉरफरिनने एट्रियल फिब्रिलेशनमधले जवळपास दोन तृतीयांश पक्षाघात टळतात.

मी न सांगितलेली निम्मी गोष्ट पुढे आहे. १९५१ मध्ये अमेरिकन सैन्यात भरती झालेल्या एका जवानाने जीव द्यायला म्हणून उंदराचं औषध खाल्लं, तेही बरेच दिवस. हॉस्पिटलात व्हिटॅमिन के आणि रक्त दिल्यावर तो बरा झाला. त्यातून कळलं की या विषाला उतारा आहे, आणि उतारा असलेलं, मोजून देता येणारं विष म्हणजे औषध. १९५४ मध्ये वॉरफरिनला माणसांसाठी मंजुरी मिळाली. १९५५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांनाही तेच दिलं गेलं. उंदराच्या गोळीतून राष्ट्राध्यक्षांच्या गोळीपर्यंत सात वर्षं. पत्त्यांच्या डावाने नेमकी ही सात वर्षं खाल्ली.

असो. दोष पत्त्यांचा नाही.

पण मला एक प्रश्न सोडेना. मामी काही अडाणी नाही. बीपीची गोळी ती कधी चुकवत नाही. मग हीच इतक्या सहज का सोडली? उत्तर आमच्याच धंद्यात सापडलं. १९९९ च्या शेवटी वायटूकेसाठी जगभरच्या प्रोग्रामरांनी रात्री जागवून कोट्यवधी ओळी तपासल्या. १ जानेवारी २००० उजाडला आणि विशेष काही झालं नाही. लोक काय म्हणाले? "उगाच बाऊ केला होता." काम चोख झालं म्हणून काही झालं नाही, हे कोणाला दिसणार?

या गोळीचं हुबेहूब तसंच आहे. तिने वाचवलेला पक्षाघात कुठेच दिसत नाही. त्याचा लॉग निघत नाही. 'आज सकाळी तुम्हाला झटका येणार होता, आम्ही टाळला' असा मेसेज येत नाही. डाग मात्र दिसतो. हिरडीतलं रक्त बेसिनमध्ये लाल दिसतं. बीपीच्या गोळीला निदान मशीनवरचा आकडा असतो. इथे आकडा आहे तो रक्त गोठण्याचा, टळलेल्या झटक्याचा नाही. फायदा न दिसणारा आणि तोटा दिसणारा असं औषध सोडायला माणूस निमित्त शोधत असतो. निमित्त मी पुरवलं.

रक्तस्रावाची भीती खोटी आहे असं मुळीच नाही. डोक्याला मार लागला, शौच काळी डांबरासारखी झाली, लघवीत रक्त दिसलं, नाकातून रक्त थांबेना, तर थेट डॉक्टर. पण हिरडी आणि डाग यांचं उत्तर गोळी करंड्यात टाकणं हे नाही. उत्तर आहे आयएनआर करणं. नंतर कळलं की मामीने दिवाळीच्या साफसफाईत कंबर धरली म्हणून मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून खाल्ल्या होत्या. या औषधासोबत त्या घेतल्या की रक्तस्रावाचा धोका वाढतो. बऱ्याच अँटिबायोटिक्सचंही तसंच. कारण समजलं असतं तर दुखण्याच्या गोळ्या थांबल्या असत्या, ही नाही.

एवढं शहाणपण आल्यावर मी गप्प बसावं की नाही? नाही. पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना विचारलं, "ही जुनी कटकट कशाला? दर महिन्याला रक्त काढा, मेथीची जुडी मोजून खा. नव्या गोळ्या आहेत ना, आयएनआर न लागणाऱ्या? द्या त्या." प्रिंटआउट घेऊनच गेलो होतो. डाबिगाट्रान २००९, रिवारॉक्सॅबॅन आणि एपिक्सॅबॅन २०११, मोठमोठ्या चाचण्या, वॉरफरिनच्या तोडीस तोड किंवा सरस, मेंदूतला रक्तस्राव कमी. भारतात पेटंट संपल्यावर किमतीही उतरल्या. अपग्रेड करायला हरकत काय?

डॉक्टरांनी प्रिंटआउट शांतपणे वाचला आणि विचारलं, "या चाचण्यांमध्ये तुमच्या मामी होत्या का?"

मला वाटलं चेष्टा करतायत. पण मुद्दा खरा होता. त्या चाचण्यांमधल्या माणसांचं सरासरी वय सत्तरच्या आसपास, आणि मामीसारखे अरुंद मायट्रल व्हॉल्वचे रुग्ण मुद्दाम वगळलेले. पाश्चात्त्य देशांत सांधेज्वर जवळपास संपला, त्यामुळे तिथे हा आजार म्हाताऱ्यांचा, बीपी-मधुमेहवाल्यांचा. आपल्याकडे चित्र वेगळं. २०११-१२ मध्ये भारतभरातल्या २४ केंद्रांवर एट्रियल फिब्रिलेशनच्या दीड हजारांवर रुग्णांची नोंद केली गेली. त्यात जवळजवळ निम्म्यांना सांधेज्वराचा हृदयविकार होता आणि सरासरी वय पंचावन्नच्या आत-बाहेर.

अशांसाठी नवी गोळी चालते का, हे विचारायला इन्व्हिक्टस नावाची चाचणी झाली. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतले २४ देश, साडेचार हजारांवर रुग्ण, सरासरी वय पन्नास, आणि दहांत सात बायका. म्हणजे खोलीभर माझ्या मामीच. निम्म्यांना रिवारॉक्सॅबॅन, निम्म्यांना जुनी गोळी. २०२२ मध्ये निकाल आला. जुनी गोळी जिंकली. त्या गटात मृत्यू कमी झाले, आणि रक्तस्रावही जास्त नव्हता. 'लेटेस्ट व्हर्जन टाक' हा आमचा धर्म, पण इथे लेटेस्ट व्हर्जन मामीच्या मशीनसाठी बनवलेलंच नव्हतं.

तुमच्या घरी कोणाला एट्रियल फिब्रिलेशन असेल आणि व्हॉल्व असा अरुंद नसेल, धातूचा बसवलेला नसेल, तर हिशोब वेगळा. तिथे वय, बीपी, मधुमेह, आधीचा झटका, कमकुवत हृदय यांचे गुण मांडून डॉक्टर ठरवतात, आणि बऱ्याच जणांना आता नवी गोळीच देतात. तिचा असर दिवसाभरात उतरतो, म्हणून ती चुकवणं तर आणखी वाईट. आणि 'त्यापेक्षा अ‍ॅस्पिरिन बरी, साधी असते' हा समज २०११ मध्येच मोडलाय. अ‍ॅस्पिरिन आणि एपिक्सॅबॅन समोरासमोर ठेवले तेव्हा एपिक्सॅबॅनवाल्यांचे पक्षाघात निम्म्याहून कमी झाले, आणि मोठ्या रक्तस्रावात सांगण्यासारखा फरक नव्हता. कुठली गोळी हे मी सांगणार नाही, माझा अनुभव वर वाचलात. फक्त या रविवारी घरी फोन कराल तेव्हा 'गोळ्या घेता ना?' एवढंच विचारू नका. ती कशासाठी आहे असं त्यांना वाटतं, तेही विचारा. आणि कोणाचं तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं तर 'थोडं पडून बघू' म्हणू नका. बरं वाटलं तरी जा. मामांनी नेमकं हेच केलं.

परवा टेमघरला जाऊन आलो. मामांनी शाळेची दोनशे पानी वही केलीय. तारीख, आयएनआर, डोस, कुठली नवीन गोळी, आणि 'भाजी' असा एक रकाना. मेथी-पालक बंद नाही, डॉक्टरांनी सांगितलंय दर आठवड्याला साधारण सारखीच खा, एकदम जुडी नको आणि एकदम उपासही नको. शेवटची नोंद २.४. मामांनी त्याभोवती लाल पेनाने गोल काढलाय.

जेवण झालं. मामीने डबा काढला, गोळी हातावर घेतली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "आज काही सांगायचं नाही वाटतं?"

मी म्हटलं, "तीच गोष्ट सांगायचीय. पूर्ण." आणि सांगितली, जवान, उतारा, राष्ट्राध्यक्ष, सगळं. या वेळी पत्ते मीच लपवून ठेवले होते. आकड्याचंही सांगितलं, की गोळी तीच पण उंदीर दिसेल तेवढी खातो, आणि तू रक्त तपासून डॉक्टर देतात तेवढी.

मामीने सगळं ऐकून घेतलं. गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायली आणि म्हणाली, "म्हणजे उंदराकडे वही नव्हती म्हणून मेला."

यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं.